बगळ्याची टाच

वहिनींनी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि दूध नासलं हे सांगावं तशा सुरात सांगितलं, "वन्सं, मला ती खाडीकडची नोकरी लागली. एक तारखेपासून. राहायची सोय तेच देतायत. पाचवा मजला आहे. खोल्या दोन आहेत." वन्सं म्हणाल्या, "बरं झालं." म्हणाल्या आणि उठल्या, कप विसळला, पिशवी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि दार ओढून घेऊन निघाल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं. तिथे डबा घेतला का म्हणून पिशवीत हात घातला, तर डबा होता, किल्ल्या होत्या, छत्रीसुद्धा होती, चष्मा नव्हता. परत जायला हवं होतं. पण परत जायचं म्हणजे ते 'बरं झालं' जिथे टाकून आलो तिथेच जायचं, आणि ते उचलून त्याच्या जागी दुसरं काही ठेवायचं, तर ठेवायला जवळ होतं काय? त्या गेल्या नाहीत. वाचायचं थोडंच आहे, हाडंच तर जोडायचीत, असं स्वतःची समजूत घालत बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. आणि मग पुढच्या बाईच्या मानेवरचा तीळ बघता बघता, रांग पुढे सरकली हेही त्यांना कळलं नाही.

आता वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव आईवडिलांनी चांगलं ठेवलं होतं, पण ते आता पगाराच्या दिवशी आणि दवाखान्यात, एवढ्याच ठिकाणी निघायचं. घरात पूर्वी त्यांना चार हाका होत्या. आई 'बाळे' म्हणायची, वडील नुसतंच 'अगं ए', दादा 'घूस' म्हणायचा, आणि दादाचं लग्न होऊन वहिनी आल्या त्या पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणायला लागल्या. मग एकेक माणूस गेलं आणि जाताना आपापली हाक घेऊन गेलं. शेवटी दोन वर्षांपूर्वी दादाही गेला, संध्याकाळी पेपर वाचता वाचता, कुणाला 'पाणी आण' म्हणायचीसुद्धा तसदी न देता. उरली ही एक हाक. आणि नणंद ही काही एकटीने होता येण्यासारखी गोष्ट नाही, त्याला समोर भावजय लागते. वहिनी पाचव्या मजल्यावर निघून गेल्या की तळमजल्याच्या त्या मागच्या दोन खोल्यांत जी बाई उरेल ती कोण? कुणाची कोण? मधला माणूस गेल्यावर त्याच्या दोन बाजूंच्या दोन बायका एकमेकींच्या काय लागतात, हे वन्संनी दोन वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती. सकाळी दोन कप चहा व्हायचा, संध्याकाळी कडी दोनदा वाजायची. तेवढं पुरत होतं.

बसमध्ये खिडकीची जागा रिकामी होती तरी त्या आतल्या बाजूला बसल्या. सवयच तशी. लहानपणी त्या पलंगाखाली बसून अभ्यास करायच्या, चादर दोन्हीकडून खाली ओढून घेऊन, कारण तिथे कसं आपलं आपल्यापुरतं असायचं, चारही बाजूंनी काहीतरी अंगाला लागेल इतकं जवळ. दादा चादर उचलून आत बॅटरी मारायचा. "आमची घूस खाली काय काय साठवतेय बघा!" आणि खरंच साठवलेलं असायचं: पेन्सिलींचे तुकडे, पिसं, एकदा तर चिमणीची अख्खी कवटी, कापसात गुंडाळलेली. आईने किंचाळून घर डोक्यावर घेतलं होतं. दादाला कशाचीही थट्टा करता यायची आणि त्याची थट्टा कुणाला लागायची नाही, हा त्याचा गुण. पुढे घरात उंच, लांबलांब पायांच्या, मान वर करून बघणाऱ्या वहिनी आल्या. त्या तरणतलावावर मोठ्या बायकांना पोहायला शिकवायच्या. म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहायचं आणि पाण्याला भ्यालेल्या बायकांचे हात धरायचे. दादाने पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, "झालं बुवा, एक घूस आणि एक बगळा! एक बिळातून बाहेर येत नाही, दुसरा पाण्यातून. मी बिचारा मधे काठावर." आणि होताच तो काठावर. बोलायचा तो एकटा, ह्या दोघी दोन बाजूंनी हसायच्या. दोघी एकमेकींशी थेट बोलल्या असतील तर मीठ संपलंय, गॅस आलाय, चावी कुठे आहे, एवढ्यापुरत्या. भांडण? छे! भांडायला तरी ओळख लागते, असं वन्संच्या मनात आलं आणि त्या बसल्या जागी दचकल्या. सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि हे असं मनात यावं.

त्यांचं काम होतं संग्रहालयाच्या तळघरात. वरच्या दालनांत लोक येतात, काचेमागचे सांगाडे बघतात, मुलांना 'हात लावू नकोस' म्हणून ओरडतात आणि जातात. ते सांगाडे खाली वन्सं जोडतात. लांबट खोली, एक मोठं टेबल, एक ठेंगणं बाक, एक स्टूल, विजेची शेगडी, तिच्यावर सरसाचं भांडं, आणि छताला लागून एक आडवी जाळीची खिडकी. त्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. वन्संना इतक्या वर्षांत पायांवरून माणसं ओळखू यायला लागली होती. चेहऱ्यांशी त्यांचं तितकंसं जमत नसे. ह्या खोलीत त्यांना कधी भीती वाटली नाही. हाडांची भीती लोकांना का वाटते हेच त्यांना कळत नसे. हाड म्हणजे माणसातला किंवा जनावरातला सगळ्यात समंजस भाग, रुसत नाही, फुगत नाही, जिथलं आहे तिथेच बरोब्बर बसतं, दुसरीकडे बसवू म्हटलं तर बसत नाही. महिन्याभरापूर्वी मुख्य बाई, म्हणजे संग्रहालय ज्यांच्या हाताखाली चालतं त्या, जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, "एका काचेत दोघं समोरासमोर हवेत. एक बीळ करणारा, एक पाण्यात उभा राहणारा. घूस आणि बगळा घेऊ या. वरवर बघितलं तर ह्याचं त्याच्याशी काही नातं नाही. पण मांडीला मांडी, नडगीला नडगी अशी लावून बघा, हाडं तीच. लोकांना तेच दिसलं पाहिजे." वन्संनी मान डोलावली आणि बाई वर गेल्यावर एकट्याच हसत सुटल्या. घरी गेल्यावर हे सांगायचं, असं त्या दिवशी बसमध्ये त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण घरी गेल्यावर सांगायला गेल्या तर लक्षात आलं की घूस आणि बगळा हे शब्द त्या घरात दादाचे होते. ते त्याच्यामागे वहिनींसमोर उच्चारायचे म्हणजे त्याच्या कपाटात हात घालण्यासारखं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता महिना गेला. आता उद्या शाळेची मुलं यायची होती, काच पुसून तयार होती, आणि बगळ्याची बोटं तेवढी लावायची राहिली होती.

घूस तर केव्हाच झाली होती. पाटावर दबा धरून बसलेली, पुढचे पाय माती उकरायच्या बेतात, पिवळट दात पुढे. बगळा लोखंडी दांडीला टांगलेला, अधांतरी, दोन लांब पाय खाली सुटलेले आणि त्यांना शेवट नाही. बोटांच्या दोन पुरचुंड्या त्यांनी वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या, डावी आणि उजवी. सरस तापत ठेवला. खोलीभर तो ओळखीचा, जरासा उग्र वास पसरला. त्यांना हे काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या कारागिराने. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. त्याचे दोन नियम होते आणि ते मोडलेले त्याला खपत नसत. पहिला, ज्याला जोडायचं त्याच्या पाठीमागे बसायचं, म्हणजे त्याचं डावं ते आपलं डावं. दुसरा, बाजारात हजार चिकट पदार्थ आले तरी हात लावायचा तो फक्त सरसाला. का? तर सरस गरम पाण्यात सुटतो. "जोडलेलं सुटायला हवं, पोरी," वस्ताद सांगायचा. "न सुटणारं लावलंस म्हणजे तू कधी चुकतच नाहीस असं झालं. एवढी कोण लागून गेलीस तू?" आज वन्सं स्टूल ओढून बसल्या त्या बगळ्याच्या समोर. मुद्दाम नव्हे. त्यांना कुणाच्या तरी समोर बसायचं होतं, एवढंच, कारण मनातल्या मनात त्यांचं केव्हाचं बोलणं चाललं होतं आणि बोलणं काही पाठीशी करता येत नाही.

बोलणं म्हणजे काय, भांडणच ते. सव्वीस वर्षं राहून गेलेलं. खोल्या दोन आहेत म्हणे! हौस आहे नुसती. एकीत झोपायचं आणि एकीत काय, समुद्र बघायचा? त्यांनी सरसात काडी बुडवली, पहिलं बोट उचललं, फुंकर घातली, लावलं. चष्मा नसल्यामुळे सांधा अंधुक दिसत होता, पण बोटांना ठाऊक असतं. तू कधी ह्या घरातली झालीच नाहीस, हेच खरं. चहासुद्धा कधी बसून प्यायली नाहीस. ओट्याला टेकून उभी, एक पाय दुसऱ्या पायाच्या घोट्यावर ठेवून, नजर खिडकीबाहेरच्या भिंतीवर. भिंतीत काय बघायची कुणास ठाऊक. निघायच्या तयारीतलं माणूस असं उभं राहतं. पाहुणा असा उभा राहतो. दादा असताना तुझ्या त्या एका पायावर उभं राहण्याची आम्ही थट्टा करायचो आणि तूही हसायचीस, आता कळतंय की तू तेव्हापासून निघतच होतीस, फक्त वाट बघत होतीस. दुसरं बोट, तिसरं बोट. मधल्या बोटाचं नख त्यांनी हलक्या हाताने टोपणासारखं बसवलं. आणि मी? मी काय करायचं तिथे, एकटीने? दोन कप चहा करून एक ओतून द्यायचा? इथे त्यांचा हात थांबला. डोळे भरून आले होते आणि सरसाचा थेंब काडीवरून टेबलावर पडला होता. 'मला एकटीला भीती वाटते' हे वाक्य त्यांच्या मनात इतकं स्पष्ट उमटलं की कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं. पलंगाखाली बसणारी मुलगी एकटी नसते; वर पलंगावर कुणीतरी असतं म्हणूनच तिला खाली बसता येतं. वर कुणी नसलं की ते बीळ राहत नाही, नुसतं भोक राहतं. त्यांनी पदराने डोळे टिपले, दुसरी पुरचुंडी सोडली आणि दुसरं पाऊल झरझर जोडून टाकलं, इतकं झरझर, की वस्तादाने कानच धरला असता.

दुपार कलली तेव्हा वरच्या जाळीत दोन पाय आले. लांबट पाऊल, सपाट चपला, घोट्यापर्यंत सुकत आलेलं पाणी. ते जाळीपुढून गेले, थांबले, परत आले, आणि उभे राहिले. मग त्यातला एक पाय उचलला गेला आणि दुसऱ्याच्या घोट्यावर टेकला. वन्संनी ते लगेच ओळखले. पाय बराच वेळ तसेच होते. शेवटी ते गेले, आणि जिन्यावर चपला वाजल्या. दार ठेंगणं होतं. वहिनी वाकून, मान आधी आत घालून डोकावल्या.

"वन्सं, चष्मा," त्या दारातूनच म्हणाल्या आणि हात पुढे केला. "टेबलावर राहिला होता. म्हटलं, दिवसभर कसं करतील."

"अगं, तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

"दुपारच्या बायका आल्या नाहीत आज. तलाव बंदच व्हायचाय म्हटल्यावर कोण येतंय."

"आत ये ना."

"नको, पाय ओले आहेत माझे."

"ये गं. इथे काय भिजणार आहे?"

वहिनी आत आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मग ती टेबलावर येऊन थांबली. एका बाजूला पाटावर दबलेली घूस, दुसऱ्या बाजूला दांडीला टांगलेला बगळा. वन्संना वाटलं, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं.

"मुख्य बाईंचं डोकं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मी नाही सांगितलं त्यांना काही. त्यांनाच सुचलं. एका काचेत दोघं."

वहिनी बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं, आवाज न करता, आणि मग आवाजासकट. "अगं बाई! हे बघायला हे हवे होते हो. तिकीट काढून रोज आले असते. सगळ्या गल्लीला घेऊन आले असते."

"हो ना," वन्संनाही हसू फुटलं. "काचेला नाक लावून उभा राहिला असता. म्हणाला असता, ह्यात मी कुठे आहे?"

दादा गेल्यापासून त्या दोघी त्याच्याबद्दल पहिल्यांदा बोलत होत्या, आणि आश्चर्य म्हणजे काही कोसळलं नाही. सरस शेगडीवर बुडबुडत होता. वहिनी घुशीपाशी वाकल्या. "हिला मान नाहीच का हो?"

"आहे की. सात मणके. तुला सात, मला सात, घुशीलाही सातच. ती आत ओढून बसते म्हणून दिसत नाही."

"आणि वर केली तर?"

"केली तर होते."

वहिनींनी मान हलवली आणि त्या बगळ्याकडे वळल्या. "आणि ह्याचा गुडघा असा उलटा का बसवलाय?"

"सगळे हेच विचारतात. तो गुडघा नव्हे गं, ती टाच. गुडघा हा इथे वर, पोटाला लागून. पिसांत झाकलेला असतो म्हणून कुणाला दिसत नाही. ह्या टाचेपासून खाली जे आहे ते सगळं पाऊल. बगळा नुसत्या बोटांवर उभा असतो."

"आणि टाच?"

"टाच वरच. तो बसला तरच टेकते."

"बाई गं," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हणजे जन्मभर चवड्यांवर." त्या काही वेळ त्या पायांकडे बघत राहिल्या, बायका पाण्यात उतरताना तळाला पाऊल कसं टेकतायत ते बघावं तशा, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वन्सं, मला ह्यातलं काही कळत नाही. पण ह्याने चपला उलट्या घातल्यासारख्या वाटतात. लहान मुलं घालतात ना, डावी उजव्यात."

वन्संनी चष्मा लावला. बगळ्याच्या मधल्या बोटाच्या नखाला आतल्या कडेने बारीक दाते असतात, पिसं विंचरायची फणीच ती. त्या दोन्ही फण्या बाहेरच्या बाजूला आल्या होत्या. डावं पाऊल उजव्या पायाला आणि उजवं डाव्याला, सुरेख, घट्ट, कुठे फट नाही. वन्संनी कपाळावर हात मारला. "मेले! समोर बसले ना आज. कधी नव्हे ते समोर बसले." आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्या स्टुलावर बसल्या बसल्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं हे सांगणं कठीण होतं. "उद्या मुलं येणार, आणि बगळा उलट्या चपला घालून उभा!"

"मग आता? मोडायचं?"

"मोडायचं कशाला? सुटतं ते. पाणी तापव जरा. ती परात घे."

त्यांनी परात ठेंगण्या बाकावर ठेवली, ऊन पाणी ओतलं, बगळा दांडीवरून अलगद उतरवला आणि त्याची पावलं पाण्यात सोडली. सरस विरघळेपर्यंत कुणीतरी त्याला धरून ठेवायला हवं होतं. वहिनींनी धरला. दोन्ही तळव्यांनी, पाण्याला भ्यालेल्या बाईला धरतात तसा, घट्ट नाही आणि सैलही नाही. बाक ठेंगणं, वहिनी उंच, तेव्हा त्या पार कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

"अगं, अशी वाकून किती वेळ धरशील? बसून धर," वन्सं म्हणाल्या, आणि दुसरं स्टूल द्यावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. दुसरं स्टूल नव्हतंच. बाक परातीने अडलेलं, खोलीत बसायची जागा एक, आणि तिच्यावर त्या स्वतः बसलेल्या. त्या तशाच थिजल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे घरातलं स्वयंपाकघर आलं. भिंतीला लावलेलं टेबल, आणि टेबलाला दोन खुर्च्या. वडिलांनी आणलेल्या, दोन मुलांसाठी दोन. तिसरी तिथे मावत नव्हती, म्हणून कधी आणली नाही, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. एक दादाची, एक माझी. आणि नवी नवरी घरात आली, तिने चहा केला, दोघांना दिला, आणि स्वतःचा कप घेऊन ओट्याला टेकली. पहिल्या दिवशी टेकली, दुसऱ्या दिवशी टेकली. आम्ही हसलो. बगळा म्हणालो. आणि दादा गेल्यावर त्या खुर्चीवर त्याचा कोट राहिला, पेपर साठत गेले, आणि ती उभीच. निघायच्या तयारीत म्हणे! एवढी हाडं ओळखणारी बाई मी, कोणतं हाड कुठे बसतं ते डोळे मिटून सांगीन, आणि माझ्याच घरात एक माणूस बसायला जागा नाही म्हणून उभं आहे हे मला दिसू नये? त्या उठल्या. स्टूल उचललं, वहिनींच्या मागे नेऊन ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. "बस," त्या म्हणाल्या. वहिनींनी वळून बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं, आणि न विचारता बसल्या.

पाण्यातून बारीक बुडबुडे येत होते. वन्सं टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. टेबलाची कड कमरेत रुतत होती. सुखाचं नसतं हे उभं राहणं, त्यांना वाटलं.

"तुम्ही सकाळी 'बरं झालं' म्हणालात," वहिनी बगळ्याकडे बघतच म्हणाल्या.

"तू सांगितलंसच तसं. सुटले एकदाची, असं."

"मी?" वहिनींनी मान वर केली. "अहो, रात्रभर पाठ करत होते मी ते. नोकरी लागली, पाचवा मजला, खोल्या दोन आहेत. एकटीला दोन खोल्या कशाला लागतात, वन्सं?"

वन्संनी परातीत बोट घालून पाणी अजून ऊन आहे ना ते बघितलं.

"चला म्हणायचा मला काय हक्क? घर तुमचं, भाऊ तुमचा, मी बाहेरून आलेली. ते होते तोवर त्यांच्या नावाने राहिले. आता कुणाच्या नावाने म्हणू की माझ्याबरोबर या?" वहिनी भरभर बोलत होत्या, पण हात हलले नाहीत. "घरी मला त्या खुर्चीकडे बघत चहा गिळवत नाही. आणि तिथे एकटीने गेले तर तो करायचा कुणासाठी?"

"मला उंचावर गरगरतं," वन्सं म्हणाल्या. हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं. "इतका उजेड, वारा. मला सवय नाही गं."

"मागची खोली तुमची. तिला एकच खिडकी आहे आणि तीही लहान. मी बघूनच हो म्हटलं." वहिनी थांबल्या. "पलंगही उंच घेऊ म्हटलं. खाली बसता येईल असा."

वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग परातीत हात घालून एक बोट चाचपलं. सैल झालं होतं. दुसरंही. काही न दुखवता, काही न तुटता, पावलं आपापल्या पायांपासून सुटून त्यांच्या तळहातावर आली.

"महिनाभर येऊन बघते," त्या म्हणाल्या. "घरची जागा काही सोडत नाही मी एवढ्यात."

"नका सोडू." वहिनी जरा घुटमळल्या. "आणि नाही जमलं तर?"

"तर पाणी तापवू."

वहिनी हसल्या. वन्संनी बोटं फडक्यावर टिपायला ठेवली, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, आणि बगळा परत दांडीला लावला. ह्या खेपेला त्या त्याच्या पाठीमागे गेल्या. तिथून बगळ्याच्या बरगड्यांमधून त्यांना वहिनी दिसत होत्या, स्टुलावर बसलेल्या, ओले हात मांडीवर ठेवून, ह्या खोलीत काही पहिल्यांदाच आल्या नाहीत अशा. सरस पुन्हा पातळ झाला होता.

"तिकडे खुर्च्या आहेत का गं?"

"नाहीत. घ्याव्या लागतील."

"तीन घेऊ."

"तीन कशाला? आपण तर दोघीच."

"असू दे," वन्सं काडी सरसात बुडवत म्हणाल्या. "तिसरं कुणी आलं तर त्याला उभं राहायला नको."

वन्संनी पहिलं बोट लावलं, फुंकर घातली आणि खाली वाकून फणी आतल्या बाजूला आहे ना ते बघितलं. वाकल्यावर त्यांना बाकाखालून वहिनींचे पाय दिसले. चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या, आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या होत्या.